पिवळं किती ठेवायचं

बोनसचे अकरा हजार, भिशीचे नऊ,
आणि आडतीच्या पाठकोऱ्या बिलावर
तीन महिने लिहीत आणलेली यादी:
पन्नासची प्राइम की अठरा-पंचावन्नची झूम,
आरशाचा कॅमेरा की बिनआरशाचा,
ट्रायपॉड (खोडला), बॅग (शिवता येईल).

भांडी झाली की फोन घेऊन बसायचे.
एक माणूस म्हणतो हाच घ्या,
दुसरा म्हणतो हा घेतलात तर फसलात.
सल्ल्यांचं पेव फुटलेलं.
आमच्या हरिपूरला खरी पेवं आहेत, हळदीची, जमिनीखाली.
त्यांत उतरण्याआधी दिवा सोडून बघायचे,
विझला तर उतरायचं नाही.
फोनवर तशी सोय नाही.

नवरा म्हणाला, एवढ्यात स्कूटीचं इंजिन झालं असतं.
खरं आहे.

शेवटी मिरजेला गेले.
दस्तगीर मुजावरांनी लग्नं सोडलीत,
आता मुलगा ड्रोन उडवतो.
कॅमेरा टॉवेलात गुंडाळलेला,
अंगठ्यापाशी रबर झिजून गुळगुळीत.
"एक लाख बारा हजार वेळा दाबलाय,
लपवत नाही. चौथ्या वेताची म्हैस समजा,
दूध देते अजून."
मग लेन्स खिडकीकडे धरली.
आत, कडेला,
कापसाच्या तंतूएवढी बुरशी.
"पुराच्या सालातली. माळ्यावर होती,
पाणी तिथवर नाही चढलं. ओल चढली."
आणि दोन हजार त्यांनी आपण होऊन कमी केले.
मी घासाघिशीची तयारी करून गेलेली,
ती तशीच बसमधून परत आणली.

राहिलं सॉफ्टवेअर.
भाचा म्हणाला, चांगलं आहे ते महिन्याच्या भाड्याचं.
खोली भाड्याने ऐकली होती, मांडव ऐकला होता,
उजेड कमीजास्त करायचंही भाडं?
मग त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला,
हळूच, पुडी काढावी तसा.
नको रे. दिवसभर वजनकाट्याशेजारी बसते मी.
फुकटचं मिळालं एक, रीतसर,
इतकी बटणं की पहिला आठवडा
फोटो नुसता उलटाच होत होता.

शनिवारी, जेवणाच्या सुट्टीत, गोदामात
बिराप्पा पोती ओतत होता.
पत्र्याच्या भोकातून ऊन आलेलं
आणि त्या उन्हात हळद तरंगत होती,
खाली बसायची घाई नसल्यासारखी.
दाबलं. एक लाख बारा हजार आणि एक.

घरी बघते तर कॅमेऱ्याने
पिवळ्याला चूक धरलेलं.
पांढरं असणार म्हणून पांढरं करून ठेवलेलं सगळं.
वर मी 'ऑटो' दाबलं,
तर हवेतली हळदही गेली,
मागच्या भिंतीची वीट न् वीट दिसायला लागली,
आणि बिराप्पा अंघोळ करून
कुणाच्या तरी साखरपुड्याला निघालेला.

मग एकेक पट्टी मागे ओढत बसले.
रात्री साडेबारापर्यंत पिवळं.
किती असतं तिथे? सोळा वर्षं बसते मी त्या गोदामात,
आणि मला आकडा सांगता येईना.

सोमवारी बिराप्पालाच दाखवलं.
त्याने हात पँटला पुसले, फोन लांब धरला, जवळ धरला.
"बाई, कमी करा की वाईच.
कावीळ झाल्यागत दिसतंय.
जतला लेकीच्या सासरी धाडायचाय."

म्हणून आता दोन आहेत.
त्याच्यातला पांढराशुभ्र, वीट न् वीट दिसणारा
जतला कुणाच्या तरी फ्रिजवर आहे म्हणे.
माझ्यातल्यात त्याच्या खांद्याच्या वर
एक फिकट ढग आहे, तो धुळीचा नाही,
मिरजेच्या माळ्यावरचा आहे.
'डाग काढा' असं बटण आहे खरं.
त्यावर बोट नेऊन आणलं दोनदा.

यादीचा कागद चौगुले अण्णांनी परवा
माझ्या टेबलावरून उचलून
कुणाची तरी चौदा पोती लिहून टाकली.
तसंही एकच उरलं होतं, लेन्स पुसायचं फडकं.
आणलं. पांढरं आणलं.
इथे राहून पांढरं आणलं मी.